९^(३/२): एकाच घरात तीन उत्तरं

जिरावण (इंदूर), रविवार सकाळी ९.४०

मंडळी, प्रश्न गणिताचा आहे, पण आधी घरातली परिस्थिती सांगतो.

लेक नववीत. परवा चाचणीचा पेपर हातात मिळाला. प्रश्न होता ९^(३/२) ची किंमत काढा. (इथं घातांक वर चढवून लिहिता येत नाही, म्हणून टोपी वापरतोय. टोपीनंतर कंसात जे असेल ते आकड्याच्या डोक्यावर बसलंय असं समजा.) तिनं उत्तर लिहिलं १३.५. त्यावर लाल फुली. शेजारी एक अक्षर नाही, नुसती फुली.

मी फोनमधलं कॅल्क्युलेटर काढलं. ९, टोपी, ३, भागिले, २. आलं ३६४.५. आमचे तीर्थरूप पोह्यांवर शेव घालत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सत्तावीस." वय ७९, कागद नाही, पेन नाही.

मग त्यांनी समजावलं. "छेदात दोन म्हणजे वर्गमूळ, अंशात तीन म्हणजे घन. नवाचं मूळ तीन, तिनाचा घन सत्तावीस. परिमेय घातांकाची करणी करायची, झालं." लेक म्हणाली, "आजोबा, छेद म्हणजे?" तिला शाळेत डिनॉमिनेटर, ट्यूशनमध्ये 'हर', आणि 'छेद' ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. 'करणी' शब्द ऐकून आईनं आतून विचारलं, "कुणी कुणावर केली?"

आता माझा खरा प्रश्न. रीत कळली. पण ९^३ म्हणजे नऊ तीन वेळा घेऊन गुणायचे, हे मला समजतं. ९^(३/२) म्हणजे नऊ दीड वेळा? दीड वेळा घेऊन गुणायचं म्हणजे नक्की काय करायचं? लेकीनंही हाच विचार केला असणार, नऊ गुणिले दीड, साडेतेरा. तिची चूक मला कळते, पण तिचं समाधान करता येत नाही. "नियम आहे" म्हटलं की ती माझ्याकडे जशी बघते तशी कुणीही बघू नये.

----

गराडू (इंदूर), सकाळी ९.५२

रुमाल टाकला. ३६४.५ वाल्या पार्टीत मीही आहे, आत्ताच दाबून बघितलं.

----

लष्करकर (ग्वाल्हेर), सकाळी १०.०५

३६४.५ चं प्रकरण सोपं आहे. कॅल्क्युलेटर आधी घात करतं, मग भागाकार. तुम्ही कंस दिला नाहीत, त्यामुळे त्यानं ९ चा घन काढला ७२९, आणि त्याला दोननं भागलं. ९^(३/२) असा कंस घालून दाबा, २७ च येईल. आमच्याकडे ऑफिसात एक्सेलमध्ये याच कंसापायी एक अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला होता. चूक कुणाची ते सांगत नाही, कारण माझीच होती.

वहीत कंस लागत नाही, कारण अख्खा अपूर्णांक बारीक अक्षरात वर बसतो. तो एका ओळीत उतरवला की कंस हवाच.

----

छेदबिंदू (बडोदा), सकाळी १०.४८

माझं नाव वाचून मला या धाग्यावर यावंच लागलं. तीस वर्षं गणित शिकवलं, आता घरी आहे.

जिरावण, तुमच्या लेकीचा प्रश्न योग्य आहे, आणि 'दीड वेळा गुणायचं' याला खरंच अर्थ नाही. इथं मोजणं थांबतं. पूर्ण संख्या असताना घातांक मोजून सांगतो, नऊ किती वेळा. अपूर्णांक आला की मोजता येत नाही, मग आपण विचारतो, पूर्वीचा कुठला नियम मोडायचा नाही? तो नियम म्हणजे पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज. ९^२ × ९^३ = ९^५. हा नियम अपूर्णांकांनाही चालवायचा असेल, तर ९^(१/२) ला स्वतःनंच गुणलं की घातांक होतो अर्धा अधिक अर्धा, म्हणजे एक, आणि ९^१ म्हणजे ९. स्वतःला स्वतःशी गुणल्यावर नऊ देणारी धन संख्या कोण? तीन. कुणी ठरवून वर्गमूळ आणलेलं नाही. नियम वाचवायचा तर दुसरा पर्यायच उरत नाही.

मग ९^(३/२) म्हणजे ९^(१/२) तीन वेळा. ३ × ३ × ३ = २७. आजोबांना माझा नमस्कार सांगा.

हे मुलांना पटतं, पण पोटात उतरत नाही. त्यासाठी मी वर्गात गल्लीतली बातमी सांगायची. समजा तुमच्या गल्लीत एक बातमी पसरतेय, आणि दर तासाला ती ठाऊक असलेली माणसं ८ पट होतात. चार वाजता एकाला ठाऊक, पाच वाजता आठांना. मग चार वाजून वीस मिनिटांनी किती जणांना? पोरं पटकन आठाला तीननं भागतात, २.६७. पण बातमी तशी पसरत नाही. प्रत्येक वीस मिनिटांत ती सारख्याच पटीनं वाढते. ती पट तीनदा लागली की आठ व्हायला हवेत. म्हणून पट २. चार वीसला दोघं, चार चाळीसला चौघं, पाचला आठ.

आता घड्याळ बघा. वीस मिनिटं म्हणजे १/३ तास, म्हणून ८^(१/३) = २. चाळीस मिनिटं म्हणजे २/३ तास, म्हणून ८^(२/३) = ४. दर तासाला ९ पट होणाऱ्या बातमीचं दीड तासात काय होईल, ते लेकीला विचारा. तिला नियम सांगू नका, घड्याळ दाखवा.

----

गराडू (इंदूर), सकाळी १०.५५

ताई, आमच्या गल्लीत बातमी तासाला आठ पट नाही हो, बातमी घडायच्या आधी पसरते. तिथं घातांक ऋण लागेल.

(पण समजलं. नववीत समजलं असतं तर आज शेवेचं दुकान नसतं.)

----

जिरावण (इंदूर), सकाळी ११.३०

छेदबिंदू ताई, साष्टांग. लेकीला घड्याळवालं सांगितलं. अर्ध्या तासात किती पट विचारल्यावर आधी साडेचार म्हणाली, मग थांबली, मग स्वतःच म्हणाली, "नाही, साडेचार दोनदा केलं तर वीसच्या वर जातं." तिथून पुढं मी काही बोललोच नाही. एका तासाचे ९, अर्ध्याचे ३, दीड तासाचे २७. पेपरवरच्या लाल फुलीकडे तिनं पुन्हा एकदा बघितलं आणि वही घेऊन आत गेली.

बाबा म्हणतात त्यांच्या वेळी लॉगची पुस्तिका असायची आणि सगळे घातांक तिथंच सुटायचे. ८ चा लॉग ०.९०३१, त्याचे दोन तृतीयांश ०.६०२१, आणि उलटा लॉग काढला की ४. ते होळकर कॉलेजचे, आकडे अजून पाठ आहेत. जेवायला बोलावलेलं मात्र आठवत नाही.

----

शिप्रातीर (उज्जैन), दुपारी १२.१०

आणखी एक सांगा. आधी मूळ काढायचं की आधी घात? आमच्या मुलाला 'आधी घात' असं शिकवलंय.

----

छेदबिंदू (बडोदा), दुपारी १२.३६

उत्तर दोन्हींकडून एकच, कष्ट वेगळे. २७^(४/३) घ्या. आधी घात केला तर २७ चा चौथा घात ५,३१,४४१. आता त्याचं घनमूळ काढत बसा. आधी मूळ काढलं तर २७ चं घनमूळ ३, तिनाचा चौथा घात ८१. संपलं. मूळ काढल्यावर आकडा लहान होतो, आणि लहान आकड्याशी खेळणं सोपं. ३२^(३/५) असाच, पाचवं मूळ २, त्याचा घन ८. तुम्ही ३२ चा घन करायला गेलात तर ३२,७६८ चं पाचवं मूळ काढावं लागेल.

पण अक्षर असेल, किंमत काढायची नसून नुसतं 'मूळचिन्हात लिहा' असेल, तर घात आत ठेवतात. क्ष^(२/३) म्हणजे ∛(क्ष²). छेद चिन्हाच्या दारात बाहेर उभा, अंश घरात. छेदाला म्हणतात करणीची कोटी, आत बसलेल्याला करणीस्थ संख्या. इंदूरवाल्यांनी छेदाच्या जागी हर वाचावं आणि पायाच्या जागी आधार, गणित बदलत नाही.

आता जिथं हमखास गुण जातात ती जागा. ५क्ष^(१/२) आणि (५क्ष)^(१/२) यांत फरक आहे. पहिल्यात टोपी फक्त क्षच्या डोक्यावर आहे, म्हणून ५√क्ष. दुसऱ्यात कंसामुळे दोघांच्या डोक्यावर, म्हणून √(५क्ष). दर वर्षी निम्मा वर्ग इथं पडायचा.

आणि गराडूंचा ऋण घातांक. १६^(−३/४) म्हणजे उत्तर ऋण नाही, उत्तर उलटं. सोळाचं चौथं मूळ २, घन ८, उलट केलं की १/८. घड्याळाच्या भाषेत, मागं गेलात तर बातमी कमी लोकांना ठाऊक असणार, वजा लोकांना नाही.

----

लष्करकर (ग्वाल्हेर), दुपारी १.२०

सगळं मान्य. पण मी जरा खोडी काढतो. −८ चं घनमूळ −२. म्हणजे (−८)^(१/३) = −२. बरोबर? आता १/३ म्हणजेच २/६. मग (−८)^(२/६) करा. वर्ग ६४, त्याचं सहावं मूळ २. एकाच घातांकाचं एकदा −२, एकदा २. नियम कुठं गेला?

----

सदाशिव_इंदूरचे (इंदूर), दुपारी १.२८

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चुकलो, गराडू (आमच्याकडचा तळलेला कंद) घेऊन.

----

गराडू (इंदूर), दुपारी १.३१

मला घेऊन बसू नका, दुकानात गिऱ्हाईक आहे.

----

छेदबिंदू (बडोदा), दुपारी २.०५

लष्करकर, ही खोडी चांगली आहे, आणि म्हणूनच पुस्तकात एक वाक्य छापलेलं असतं जे कुणी वाचत नाही: पाया धन असावा, आणि अपूर्णांकातल्या अंश-छेदाला १ सोडून सामाईक अवयव नसावा. पाया धन असेल तर १/३ घ्या नाहीतर २/६, ८ साठी दोन्हीकडून २ च येतात. पाया ऋण झाला की वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं आणि मूळ काढताना ते परत येत नाही. √((−३)²) हे −३ नसून ३ असतं, तोच प्रकार.

म्हणून शाळेत ∛(−८) = −२ लिहायला हरकत नाही, ते मूळचिन्ह आहे. पण (−८)^(१/३) असं घातांकात लिहिलं की काही कॅल्क्युलेटर चूक दाखवतात, काही −२ देतात, काही भलतीच संमिश्र संख्या देतात. प्रत्येकानं आपापली सोय ठरवली आहे. बातमीच्या गणितात हा प्रश्नच येत नाही, कारण दर तासाला वजा आठ पट होणारी बातमी मी तरी पाहिलेली नाही.

----

तीव्रमध्यम (इंदूर), दुपारी ३.४०

मी हार्मोनियम शिकवते, गणिताशी फारसा संबंध नाही. पण हा धागा वाचताना एक गोष्ट डोक्यात सटकन बसली, ती चुकीची असेल तर सांगा.

आजच्या पेटीत मध्य सा सोडून तार सा पर्यंत १२ घरं असतात, काळी-पांढरी सगळी धरून. तार सा ची कंपनं बरोबर दुप्पट. आणि प्रत्येक घर पुढं गेलं की कंपनं सारख्याच पटीनं वाढतात, हे पेटी लावणारे सांगतात. म्हणजे बारा वेळा तीच पट लागली की २. छेदबिंदू ताईंच्या गल्लीसारखंच. मग एका घराची पट २^(१/१२), साधारण १.०५९५.

आता मी बसून मोजलं. कोमल ग तिसरं घर, म्हणून २^(३/१२) = २^(१/४), म्हणजे दोनाचं चौथं मूळ. शुद्ध ग चौथं घर, २^(४/१२) = २^(१/३), ∛२. आणि माझा तीव्र म बरोबर सहाव्या घरावर, २^(६/१२), √२. वीस वर्षं ज्याच्या नावानं इथं लिहितेय तो स्वर दोनाचं वर्गमूळ निघाला!

कोमल ध आठवं घर, २^(८/१२) = २^(२/३), म्हणजे ∛४. शुद्ध ध नववं, २^(३/४), म्हणजे आठाचं चौथं मूळ. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिलं की स्वराची कोटी कळते. असं आम्हाला गाण्याच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

अजून एक. सा २४० कंपनांचा धरला तर तार सा ४८०. दोघांच्या मधोमध ३६० येतात, आणि ३६० हा तर प आहे, दीडपट. पण पट्टीवर घरं मोजली तर मधोमध तीव्र म, साधारण ३३९. मधोमध दोन कसे?

----

छेदबिंदू (बडोदा), दुपारी ४.०२

अहो, तुम्ही फारच पुढं गेलात! एकही चूक नाही.

मधोमध दोन असतात. बेरजेचा मध्य ३६०, पटीचा मध्य ३३९.४. कान पटीनं ऐकतो, म्हणून घरं पटीनं लावलेली. जिरावणच्या लेकीचं साडेचार आणि तीन हेच की. एका तासात ९ पट, तर अर्ध्या तासात बेरजेनं विचार केला की साडेचार, पटीनं केला की तीन. १३.५ लिहिणारी पोर बेरजेच्या पट्टीवर बसली होती, एवढंच.

आणि तुम्ही मोजलेला प बघा. सातवं घर, २^(७/१२). काढून बघा, १.४९८३ येईल. दीड नाही. पेटीचा प खऱ्या पंचमापेक्षा केसभर उतरलेला असतो. गंधार तर केसभर नाही, चांगलाच चढलेला, ∛२ म्हणजे १.२६, खरा शुद्ध गंधार ५/४ म्हणजे १.२५.

----

तीव्रमध्यम (इंदूर), दुपारी ४.१५

गंधाराचं मला ठाऊक होतं, कानाला रोज टोचतं. तानपुऱ्यासोबत पेटी घेतली की ग वर भांडण ठरलेलं. अमीर खाँसाहेबांसारख्या गवयाच्या गावात राहून पेटीच्या गंधाराचं समर्थन करायची माझी हिंमत नाही. टोचतं ते ∛२ आहे हे आज कळलं.

----

सदाशिव_इंदूरचे (इंदूर), सायंकाळी ५.१०

अवांतर: 'करणी' शब्दावर जिरावणच्या आईसाहेबांना सांगा, हा शब्द जादूटोण्याचा नाही, यज्ञवेदीचा आहे. शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी बांधायच्या जुन्या ग्रंथांत, वेदी मापायची दोरी असते. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस 'करणारी' बाजू ती द्विकरणी, म्हणजे आपलं √२. तिप्पटीची त्रिकरणी. द्विकरणीची किंमतही दिलेली आहे: १ मध्ये तिसरा हिस्सा मिळवा, त्या हिश्श्याचा चौथा मिळवा, त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करा. ५७७/४०८ येतात, म्हणजे १.४१४२१६. खरी किंमत १.४१४२१४. दोरीनं मापणाऱ्यांना याहून जास्त काय हवं.

डोक्यावरच्या अपूर्णांकाचा इतिहास मात्र युरोपातला. १४ व्या शतकात ओरेम नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं कल्पना मांडली, नीट चलनात यायला १७ वं शतक उजाडलं. वॉलिस या इंग्रज गणितज्ञानं १६५६ मध्ये अपूर्णांकी घातांकांना अर्थ दिला, आणि न्यूटननं १६७६ मध्ये लाइब्निट्झसाठी लिहिलेल्या पत्रात ते सर्रास वापरले. √ हे चिन्ह त्याच्याही आधीचं, १५२५ मध्ये रुडोल्फच्या जर्मन पुस्तकात छापलेलं. म्हणजे चिन्ह आधी आलं, टोपी नंतर. आता दोन्ही एकाच गोष्टीची नावं झाली आणि पोरांना एकातून दुसऱ्यात भाषांतर करावं लागतं.

----

शिप्रातीर (उज्जैन), सायंकाळी ५.४५

पण मग दोन नावं ठेवायची कशाला? एक ठेवा आणि सुटका करा. माझ्या मुलाचा हाच मुद्दा आहे.

----

लष्करकर (ग्वाल्हेर), सायंकाळी ६.०२

मुलाला सांगा √२ × ∛२ कर. मूळचिन्हातच बसला तर अडकेल, कारण कोटी वेगवेगळ्या. घातांकात उतरव. २^(१/२) × २^(१/३), बेरीज ५/६, म्हणजे २^(५/६). आता परत मूळचिन्हात चढव, ३२ चं सहावं मूळ. हिशेब टोपीत करायचा आणि उत्तर चिन्हात दाखवायचं. दोन्ही लागतात.

पासबुकातही हेच. वर्षाला ८ टक्के मिळाले तर सहा महिन्यांचे ४ टक्के असं आपण म्हणतो. पण ४ टक्के दोनदा लावले की ८.१६ होतात. वर्षाला बरोबर ८ व्हायला सहामाही पट हवी १.०८^(१/२), म्हणजे ३.९२ टक्के. हे आठ पैसे कुणाच्या खिशात जातात ते मी सांगणार नाही, नोकरी बँकेची आहे.

----

शिप्रातीर (उज्जैन), सायंकाळी ६.४०

आता माझं एक. मी घाटाच्या जवळ राहतो, आणि आमच्याकडे २०२८ च्या सिंहस्थाची तयारी आतापासूनच बोलण्यात आहे. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, दर बारा वर्षांनी, २०१६ नंतर २०२८. आज मुलाला विचारलं, बाराच का? त्यानं पुस्तकातला केप्लरचा नियम काढला. ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला किती वर्षं लागतात, तर त्याच्या अंतराचा ३/२ घात. अंतर पृथ्वीच्या अंतराच्या किती पट ते घ्यायचं.

म्हणजे हा आपलाच ३/२! गुरू ५.२ पट लांब. ५.२ चं वर्गमूळ २.२८, त्याचा घन ११.८६. बारा वर्षं! इथं बसून मी आणि मुलानं सिंहस्थाचं गणित सोडवलं, आणि सुरुवात जिरावणच्या लेकीच्या फुलीवरून.

----

छेदबिंदू (बडोदा), सायंकाळी ७.०५

शाब्बास! आणि ११.८६ आणि १२ मधला फरक सोडू नका. दर बारा वर्षांनी गुरू चार अंशांच्या आसपास पुढं गेलेला असतो. सातएक फेऱ्यांत एक अख्खी रास. म्हणून मधूनच एक कुंभ अकरा वर्षांवर येतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२२ नाही, २०२१ ला झाला.

आता शनी करा. तो ९.५४ पट लांब.

----

शिप्रातीर (उज्जैन), सायंकाळी ७.३१

९.५४ चं वर्गमूळ ३.०८९. घन... २९.४७. साडेएकोणतीस वर्षं. बारा राशी, एका राशीत सुमारे अडीच वर्षं.

थांबा. साडेसाती म्हणजे चंद्रराशीच्या आधीची, ती आणि नंतरची, तीन राशी. तीन गुणिले अडीच. साडेसात!

----

गराडू (इंदूर), सायंकाळी ७.३४

म्हणजे माझी साडेसातीही ३/२ घातांकामुळे. आजवर उगाच शनिवारी तेल वाहत होतो.

----

सदाशिव_इंदूरचे (इंदूर), सायंकाळी ७.४०

तेल वाहायचं बंद करू नका, शेवेच्या दुकानाला तेलाची सवय बरी.

बारकावा: ज्योतिषवाले काही म्हणोत, ३ × २.४५५ केलं तर ७.३७ येतात. साडेसातीतही सुमारे दीड महिन्याची सूट आहे.

----

जिरावण (इंदूर), रात्री ९.१५

दिवसभर दुकान-घर करत होतो, आत्ता सगळं वाचलं. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. साडेसातीपर्यंत आल्यावर म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुझ्या आईच्या पत्रिकेत एवढे पैसे गेले नसते." आई आतून म्हणाली, करणी झाली ती हीच.

लेकीला तीव्रमध्यम ताईंची पेटी फार आवडली. आमच्याकडे जुनी पेटी आहे, माळ्यावर. ती काढून तिनं सुपारीएवढ्या कागदाच्या चिकटपट्ट्या केल्या आणि प्रत्येक घरावर लिहीत बसली आहे. कोमल रे वर '१२ वं मूळ', शुद्ध रे वर '६ वं मूळ', कोमल ग '४ थं', शुद्ध ग '३ रं'. शुद्ध म वर अडकली आहे, म्हणते ५/१२ कुणी छोटं करून देत नाही.

----

तीव्रमध्यम (इंदूर), रात्री ९.२२

तिला सांगा, शुद्ध म, प, कोमल रे आणि शुद्ध नि यांचं कधीच छोटं होणार नाही. १, ५, ७ आणि ११. बाकी सगळे होतात.

चिकटपट्ट्या घट्ट लावू नका, सुरांवर डाग पडतात.

----

जिरावण (इंदूर), रात्री ९.४८

लेकीनं धाग्यावर एक प्रश्न टाकायला सांगितलंय. तिच्या शब्दांत: √२ मोठा की ∛३? कॅल्क्युलेटर वापरणाऱ्याला पोहे मिळणार नाहीत.

----

लष्करकर (ग्वाल्हेर), रात्री १०.०१

छेद २ आणि ३, म्हणून दोघांनाही सहावा घात द्या. २^(१/२) चा सहावा घात २^३ म्हणजे ८. ३^(१/३) चा सहावा घात ३^२ म्हणजे ९. ∛३ मोठा. पोहे ग्वाल्हेरला पाठवा, जिरावण मसाला वेगळा बांधून.

----

जिरावण (इंदूर), रात्री १०.०६

ती म्हणतेय, मग ∜४?

----

गराडू (इंदूर), रात्री १०.१९

४ म्हणजे २ चा वर्ग. २^(२/४). म्हणजे २^(१/२). म्हणजे √२ च, वेश बदलून आलाय!

हे मी केलं. शेवेच्या पाकिटावर केलं, गिऱ्हाईकाला रिकामं पाकीट दिलं.